जर्मनीच्या हिवाळ्याची बेगमी, दोन किलोमीटर खोल दगडात

जर्मनीत भाड्याने राहिलेल्या कुणालाही घर सोडल्यावर हीटिंगच्या हिशेबात एक तक्ता भेटतो. वर्षाच्या मधेच भाडेकरू बदलला, तर त्या वर्षाचा खर्च जुन्या आणि नव्या भाडेकरूत वाटायचा कसा, त्याचा हा तक्ता. सगळ्या वर्षाच्या हीटिंगचे १००० भाग धरायचे. त्यातले जानेवारीचे १७०, डिसेंबरचे १६०, फेब्रुवारीचे १५०. जून, जुलै आणि ऑगस्ट तिघांचे मिळून फक्त ४०. जो जूनमध्ये राहायला येऊन ऑगस्टअखेर निघून जातो, त्याच्या वाट्याला वर्षातले तीन महिने येतात; पण हीटिंगच्या खर्चातला पंचविसावा हिस्साच येतो.

आता हाच तक्ता सगळ्या देशाला लावून बघा. जर्मनीतली जवळपास निम्मी घरं गॅसवर तापतात. नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत १००० पैकी ७३० भाग उडतात. नॉर्वेच्या समुद्रातल्या विहिरी किंवा, २०२२ पर्यंत, सायबेरियातून येणारी पाइपलाइन मात्र असा चढउतार पाळू शकत नाहीत. हजारो किलोमीटरची पाइपलाइन जानेवारीच्या मागणीच्या मापाने बांधली, तर ती उरलेलं वर्ष जवळपास रिकामी पडून राहील आणि तो खर्च कुणालाच झेपणार नाही. म्हणून पाइपलाइन बांधायची सरासरीच्या मापाने, ती बारा महिने बऱ्यापैकी सारखी वाहू द्यायची, आणि उन्हाळ्यात जास्तीचा गॅस कुठेतरी भरून ठेवायचा.

‘कुठेतरी’ म्हणजे टाक्यांत का नाही? कारण गॅस फार जागा खातो. साध्या हवेच्या दाबाला एक घनमीटर नैसर्गिक वायूतून साधारण १० किलोवॉट-तास ऊर्जा मिळते. जर्मनीतलं एक स्वतंत्र घर वर्षाला २०,००० किलोवॉट-तासांच्या आसपास गॅस वापरतं, म्हणजे २,००० घनमीटर. त्यातले जानेवारीचे १७ टक्के काढले, तर त्या महिन्यात दिवसाला ११ घनमीटर होतात. पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरात पाइपचा गॅस दिवसाला अर्ध्या घनमीटरच्या आसपास जळतो, म्हणजे तिथल्या एका दिवसात आपले तीन आठवडे निघतात. गॅस उणे १६२ अंशांना थंड करून द्रवरूप केला तर आकारमान सुमारे सहाशेपट कमी होतं. पण इतका थंड द्रव महिनोन्महिने सांभाळणं महाग, आणि त्यातून थोडा गॅस सतत उडत राहतोच. बॅटऱ्यांचं तर नावच नको. जर्मनीतले भूमिगत साठे भरले की त्यांत सुमारे २५० टेरावॉट-तास ऊर्जा असते; एक टेरावॉट-तास म्हणजे एक अब्ज किलोवॉट-तास. देशातल्या सगळ्या बॅटऱ्या एकत्र केल्या तरी त्यांचा आकडा एका टेरावॉट-तासाच्या जवळपासही जात नाही.

उरते जमीन. निसर्गाने लाखो वर्षं जिथे गॅस धरून ठेवला, तिथलाच गॅस माणसाने उपसून संपवला असेल, तर त्याच जागी दुसरीकडचा गॅस भरून ठेवता येईल ना? हा विचार जुना आहे. १९१५ साली कॅनडातल्या ओंटारिओमध्ये, वेलंड परगण्यात, हा प्रयोग पहिल्यांदा जमला. १९१६ मध्ये अमेरिकेत बफेलो शहराजवळ झोअर इथे दुसरा साठा सुरू झाला.

हे साठे कसे असतात ते एका ठिकाणी जाऊन समजून घेऊ. उत्तर जर्मनीत, लोअर सॅक्सनी राज्यात, रेडेन नावाचं एक गाव आहे. आजूबाजूला सपाट शेती. तिथे जमिनीखाली सुमारे २,००० मीटरवर एक रिकामं झालेलं गॅसक्षेत्र आहे. त्यात ४ अब्ज घनमीटरच्या आसपास वापरता येण्याजोगा गॅस मावतो. वरच्या हिशेबाने २० लाख घरांचं वर्षभराचं हीटिंग. पश्चिम युरोपातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी हा एक, आणि जर्मनीच्या एकूण साठवण क्षमतेचा जवळपास पाचवा हिस्सा.

‘साठा’ म्हटलं की डोळ्यांसमोर गुहा येते. रेडेनखाली गुहा नाही. तिथे सलग दगड आहे, आणि त्याच्या कणाकणांतल्या बारीक छिद्रांत आणि भेगांत गॅस बसतो. त्या सच्छिद्र थरावर घट्ट, गॅस आरपार जाऊ न देणाऱ्या खडकाचं झाकण असतं. हे झाकण टिकतं की नाही याची परीक्षा निसर्गानेच घेऊन ठेवलेली आहे, म्हणून रिकामी गॅसक्षेत्रं या कामाला सगळ्यांत पसंत.

जमिनीवर दिसतं ते फार थोडं: विहिरींची तोंडं, पाइपांचं जंजाळ, कॉम्प्रेसरच्या इमारती. उन्हाळ्यात मोठ्या पाइपलाइनमधून गॅस येतो. कॉम्प्रेसर त्याचा दाब वाढवतात. दाबल्यामुळे गॅस तापतो, म्हणून तो थंड करून विहिरीतून खाली ढकलतात. हिवाळ्यात उलटा प्रवास, आणि तो जास्त कटकटीचा. वर येणारा गॅस खडकातलं पाणी सोबत घेऊन येतो. शिवाय साठ्यातल्या दाबावरून पाइपलाइनच्या दाबावर उतरताना गॅस झपाट्याने थंड होतो, ढोबळमानाने दर बारला अर्धा अंश (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब). दाब ८० बारने उतरला तर तापमान ४० अंशांनी घसरणार. अशा थंडीत, दाबाखाली, मिथेन (नैसर्गिक वायूतला मुख्य घटक) आणि पाणी मिळून बर्फासारखा घट्ट पदार्थ बनतो. तो शून्य अंशाच्या वरही गोठतो आणि व्हॉल्व्ह चोंदवतो. म्हणून दाब उतरवण्याआधी गॅस तापवावा लागतो आणि ग्लायकॉल नावाच्या द्रवातून नेऊन कोरडा करावा लागतो. ऐन जानेवारीत, देशाला गॅस पुरवण्यासाठी, हे केंद्र स्वतःच थोडा गॅस जाळत असतं.

आता या सगळ्यातली कळीची गोष्ट, जी बातम्यांत जवळजवळ कधीच येत नाही: साठ्यातला सगळा गॅस बाहेर काढता येत नाही. गॅस वर येतो तो खालच्या दाबामुळे. दाब टिकवायला काही गॅस कायम खाली ठेवावाच लागतो. त्याला धंद्यात ‘कुशन गॅस’ म्हणतात, आणि त्याच्यावर जो दरवर्षी भरायचा-काढायचा, तो ‘वर्किंग गॅस’. रिकाम्या गॅसक्षेत्रात हे प्रमाण साधारण निम्मं-निम्मं असतं. म्हणजे ४ अब्ज घनमीटर वापरायचा, तर जवळपास तेवढाच गॅस जमिनीत कायमचा गाडून ठेवायचा. साठा बांधण्याच्या खर्चात या गॅसची किंमत हा मोठा भाग असतो. ‘साठा ६० टक्के भरला’ अशी बातमी येते तेव्हा ते टक्के फक्त वर्किंग गॅसचे असतात, आणि शून्य टक्के म्हटलं तरी खाली भरपूर गॅस असतो.

दुसरी बाजू वेगाची. टायरचा व्हॉल्व्ह उघडला की आधी हवा जोरात सुटते आणि मग कशीबशी फुसफुसत राहते, तसंच इथे होतं. ऑक्टोबरात काठोकाठ भरलेला साठा दिवसाला जितका गॅस देतो, तितका तो फेब्रुवारीअखेर देऊ शकत नाही. आणि युरोपात कडाक्याच्या थंडीची लाट फेब्रुवारीतही येते. म्हणजे साठ्यात गॅस आहे, पण हव्या त्या वेगाने बाहेर येत नाही, अशी वेळ येऊ शकते. जर्मनीने २०२२ मध्ये साठ्यांचा कायदा केला, त्यात १ ऑक्टोबरला ८० टक्के आणि १ नोव्हेंबरला ९० टक्के या अटींबरोबर १ फेब्रुवारीला ४० टक्के अशी तिसरी अट घातली. वरवर पाहता हे विचित्र वाटतं: हिवाळ्यासाठीच साठवलेला गॅस हिवाळ्यातच का राखायचा? त्याचं उत्तर या घसरत्या दाबात आहे.

साठ्यांचे आणखी दोन प्रकार आहेत. एक, खोलवरच्या पाणी धरणाऱ्या खडकात गॅस भरून पाणी बाजूला सारायचं. फ्रान्समध्ये शेमरी इथे असा मोठा साठा आहे. यात कुशन गॅस खूपच जास्त लागतो, आणि झाकणाचा खडक गॅस धरेल की नाही हे आधी तपासून घ्यावं लागतं.

दुसरा प्रकार मला स्वतःला सगळ्यांत गमतीचा वाटतो: मिठाच्या पोकळ्या. उत्तर जर्मनीखाली मिठाचे प्रचंड घुमट आहेत. त्यांत एक विहीर खणायची, पाणी सोडायचं, मीठ विरघळवायचं आणि खारं पाणी वर काढायचं. एक घनमीटर मीठ विरघळवायला सात-आठ घनमीटर पाणी लागतं, त्यामुळे एक पोकळी तयार व्हायला काही वर्षं जातात. उत्तर जर्मनीतल्याच एत्सेल इथल्या पोकळ्यांचं खारं पाणी उत्तर समुद्रात सोडलं. इथे मात्र खरोखर पोकळीच असते, शेकडो मीटर उंचीची. दगडाच्या छिद्रांतून वाट काढायची नसल्याने गॅस पटकन भरता आणि काढता येतो, कुशन गॅसही कमी लागतो. उणीव एकच: मीठ खोलवर, दाबाखाली, अतिशय संथ गतीने वाहतं. आतला दाब फार उतरू दिला तर पोकळी हळूहळू आवळत जाते. रेडेनसारखा साठा मोसमभर टिकतो, मिठाची पोकळी आठवड्याभराच्या थंडीत धावून येते. देशाला दोन्ही लागतात.

इथवरचं सगळं अभियंत्यांचं काम, आणि ते त्यांना शंभर वर्षांपासून येतं. अडलं ते दुसरीकडे: साठा भरायचा कोणी?

युरोपात साठ्यांचा मालक एक असतो आणि आतल्या गॅसचा मालक दुसरा. साठ्याची कंपनी जागा भाड्याने देते. गॅस भरतात व्यापारी आणि पुरवठादार कंपन्या, आणि त्यांचं गणित सरळ आहे. समजा जुलैत भाव मेगावॉट-तासाला, म्हणजे हजार किलोवॉट-तासांना, २० युरो आहे आणि जानेवारीत द्यायच्या गॅसचा सौदा आजच २६ युरोला होतोय. मधले ६ युरो जागेचं भाडं, कॉम्प्रेसरचा खर्च आणि व्याज यांना पुरून उरत असतील, तर व्यापारी आपणहून गॅस भरतो. त्याला देशाची काळजी करायची गरज नाही; भावातला फरकच त्याच्याकडून ते काम करून घेतो. अनेक वर्षं हे बिनबोभाट चाललं, म्हणून सरकारांनी त्यात लक्ष घातलं नाही.

२०२१ मध्ये हे गणित फिसकटलं. आधीचा हिवाळा लांबला होता, साठे खाली गेले होते, आशियातून द्रवरूप गॅसला मोठी मागणी होती. उन्हाळ्यातच भाव इतका चढला की भरून ठेवण्यात काही सुटेना. त्यातून रेडेनचा साठा होता गॅझप्रॉम या रशियाच्या सरकारी गॅस कंपनीच्या ताब्यात. तो तसा का होता हेही सांगायला हवं. २०१४ मध्ये रशियाने क्रायमिया घेतला, आणि त्यानंतर, २०१५ मध्ये, बीएएसएफ या जर्मन कंपनीने मालमत्तेच्या अदलाबदलीत आपला गॅस व्यापार आणि साठ्यांचा धंदा गॅझप्रॉमला दिला. जर्मन सरकारने हरकत घेतली नाही. गॅस विकणारा आणि गॅस साठवणारा एकच झाला, याची तेव्हा कुणाला धास्ती वाटली नाही. आज ते वाचताना डोक्याला हात लावावासा वाटतो.

२०२१ च्या शरद ऋतूत जर्मनीतले बाकीचे साठे कमी-अधिक भरत होते, तेव्हा रेडेन दहा टक्क्यांच्याही खाली होतं. वसंतापर्यंत ते जवळपास रिकामं झालं. मधे २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला होता. जर्मनीचा अर्ध्याहून जास्त गॅस रशियातून येत होता. एप्रिलमध्ये सरकारने गॅझप्रॉमची जर्मनीतली कंपनी सरकारी देखरेखीखाली घेतली, साठ्यांचा कायदा महिनाअखेर लागू झाला, आणि बाजार भरत नसेल तर सरकारच्या वतीने गॅस घेऊन भरण्याचं काम गॅसबाजाराची व्यवस्था पाहणाऱ्या ट्रेडिंग हब युरोप या कंपनीकडे आलं.

पुढचा उन्हाळा महागडा गेला. जूनमध्ये रशियातून समुद्राखालून थेट जर्मनीत येणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम पाइपलाइनमधला प्रवाह ४० टक्क्यांवर आला, जुलैत २० टक्क्यांवर, ऑगस्टअखेर बंद. ऑगस्टमध्ये युरोपातला घाऊक भाव मेगावॉट-तासाला ३०० युरोंच्या वर गेला; दोन वर्षांपूर्वी तो २० च्याही खाली होता. आणि नेमका याच भावात साठे भरावे लागले. १४ नोव्हेंबर २०२२ ला जर्मनीतले साठे १०० टक्के भरले. हिवाळा निभावला. त्यात सौम्य थंडीचा, कारखान्यांनी आवरलेल्या वापराचा आणि घराघरांत एक-दोन अंश खाली केलेल्या थर्मोस्टॅटचाही वाटा होता.

त्या महागड्या गॅसचं नंतर काय झालं? भाव कोसळल्यावर तो तोट्यात विकला गेला. ऑक्टोबर २०२२ पासून प्रत्येक ग्राहकाच्या गॅसबिलात साठवणीचा आकार जोडला होता, त्यातून ही तूट भरून काढायची होती. तो २०२५ अखेरपर्यंत चालू राहिला. आधी हाच आकार जर्मनीतून पुढे जाणाऱ्या गॅसवरही होता, त्यामुळे ऑस्ट्रिया आणि चेकियाने आरडाओरड केली, आणि २०२५ पासून त्यांची त्यातून सुटका झाली.

ब्रिटनची गोष्ट याच्या आधीची, पण त्याच मुद्द्याची. यॉर्कशायरच्या किनाऱ्यापलीकडे, समुद्रतळाखाली, ‘रफ’ नावाचं जुनं गॅसक्षेत्र १९८५ पासून साठा म्हणून वापरात होतं. देशाच्या साठवण क्षमतेचा सुमारे ७० टक्के भाग तिथे होता. विहिरी जुन्या झाल्या, दुरुस्ती परवडेना, सरकारने पैसे द्यायचं नाकारलं, आणि २०१७ मध्ये मालक कंपनीने साठा बंद करायचं ठरवलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये तोच साठा घाईघाईने, अर्धवट, पुन्हा उघडावा लागला.

युरोपीय संघाने २०२२ मध्ये सगळ्या देशांना १ नोव्हेंबरपर्यंत साठे भरण्याची अट घातली, त्या वर्षी ८० टक्के आणि पुढे ९०. आणि या अटीनेच एक नवा घोळ घातला. सगळ्यांना ठाऊक असतं की नोव्हेंबरच्या आत युरोपाला गॅस घ्यावाच लागणार. मग विकणारा उन्हाळ्यातच भाव चढवून ठेवतो. २०२५ च्या सुरुवातीला येत्या उन्हाळ्याचा भाव त्यानंतरच्या हिवाळ्यापेक्षा वर गेला होता. अशा वेळी भरणाऱ्याच्या पदरी निव्वळ तोटा. शेवटी संघाने अट सैल केली: ९० टक्के १ ऑक्टोबर ते १ डिसेंबर यांमधल्या कुठल्याही दिवशी गाठले तरी चालतील. जर्मनीनेही आपल्या टक्क्यांना कात्री लावली.

धोक्याबद्दलही बोलायला हवं. २३ ऑक्टोबर २०१५ ला लॉस एंजेलिसजवळच्या अलीसो कॅन्यन साठ्यात एका विहिरीतून गॅस सुटत असल्याचं लक्षात आलं. विहीर १९५३ ची, मुळात तेलासाठी खणलेली. तिचा पोलादी नळ बाहेरून गंजून फुटला होता. जमिनीखाली बसवायचा सुरक्षा-व्हॉल्व्ह १९७९ मध्येच काढून टाकला होता, आणि त्या जागी नवा बसवला नव्हता. गळती थांबायला फेब्रुवारी उजाडला. तोवर सुमारे ९७,००० टन मिथेन हवेत गेला होता, आणि शेजारच्या पोर्टर रँच भागातली हजारो कुटुंबं घरं सोडून गेली होती. मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापवतो, म्हणून ही फक्त स्थानिक गळती राहत नाही. दगडाने दगा दिला नव्हता, जुन्या पाइपाने दिला होता. साठ्यांच्या अपघातांत बहुतेकदा विहीरच कमजोर कडी ठरते.

आपल्याकडे असे साठे का नाहीत, हा प्रश्न येणारच. भारतात विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथे खडक कोरून कच्च्या तेलाचे साठे केले आहेत, ५३ लाख टनांचे. नैसर्गिक वायूचा मोठा भूमिगत साठा मात्र नाही. एक कारण साधं आहे: आपल्याला घरं तापवावी लागत नाहीत. खत कारखाने, सीएनजी, स्वयंपाक यांची मागणी जानेवारी आणि जुलैत फारशी वेगळी नसते. भारताला साठा हवाच असेल, तर तो थंडीसाठी नसेल. आपला जवळपास निम्मा गॅस जहाजांनी येतो. ती जहाजं अडली किंवा भाव भडकला तर त्या दिवसांसाठी तो लागेल. त्याची आखणीही निराळी करावी लागेल.

जर्मनीचे साठे काठोकाठ भरले तरी वर्षाच्या गरजेच्या पंचवीस-तीस टक्केच गॅस त्यांत असतो. बाहेरून गॅस येणं पूर्ण थांबलं, तर थंडीचे दोन-अडीच महिने निघतील, त्याहून जास्त नाही. म्हणून तिथे आता वाद आहे तो सरकारी राखीव साठ्याचा. ऑस्ट्रियाने २०२२ मध्येच २० टेरावॉट-तास गॅस सरकारी पैशाने घेऊन ठेवला, जो व्यापारासाठी काढता येत नाही. इटलीतही राखीव साठा वेगळा असतो. मला ऑस्ट्रियाची रीत जास्त प्रामाणिक वाटते. व्यापाऱ्याला भावाप्रमाणे भरू-विकू द्यायचं, आणि संकटासाठीचा वाटा सरकारने उघडपणे, स्वतःच्या खर्चाने बाजूला काढायचा. त्याचे पैसे दरवर्षी करदात्यालाच द्यावे लागतील, आणि तो गॅस कदाचित कधीच वापरला जाणार नाही. निवडणुकीच्या वर्षात असा खर्च मंजूर करून घेणं किती अवघड असतं, ते कुठल्याही अर्थमंत्र्याला विचारावं.